रत्नागिरीतल्या बाईंचा इंग्लिश रायटिंगचा क्लास, दोन महिने जाऊन आल्यावर

आधी सांगते की मी स्टाफ नर्स आहे, रत्नागिरीतच एका खाजगी हॉस्पिटलात सहा वर्षं झाली, आणि यूकेला जायचं म्हणून आयईएलटीएस ही इंग्लिशची परीक्षा देत होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तिकडच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला लिसनिंग रीडिंग स्पीकिंग तिन्हीत ७ लागतात आणि रायटिंगमध्ये ६.५. माझं पहिल्या वेळेला लिसनिंग ७.५, रीडिंग ७, स्पीकिंग ७ आणि रायटिंग ६. म्हणजे अर्ध्या बँडने (या परीक्षेत मार्कांना बँड म्हणतात) अख्खं वर्ष अडकलं. परीक्षेची फी परत भरायची, पुण्याला जायचं, ड्युट्या बदलून घ्यायच्या, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल.

क्लास शोधताना मला जे मिळालं नाही ते दुसऱ्या कुणाला तरी मिळावं म्हणून एवढं लांबलचक लिहितेय. रत्नागिरीत इंग्लिशचे क्लास काय कमी नाहीत, मारुती मंदिरपासून साळवी स्टॉपपर्यंत चालत गेलात तर बोर्डच बोर्ड दिसतील, पण सगळे स्पोकनचे नाहीतर ग्रामरचे. लिहायचं कसं, म्हणजे एक पॅराग्राफ सुरू कुठून करायचा आणि संपवायचा कुठे, हे शिकवणारं कुणी भेटत नव्हतं. आधी मी एक ऑनलाइन कोर्स केला होता, नाव नाही घेत, त्यात त्यांनी टेम्प्लेट दिल्या. पहिलं वाक्य हे, दुसरं वाक्य ते, मधे गाळलेल्या जागा आणि त्यात विषय भरायचा. चाळीस लिंकिंग वर्ड्सची, म्हणजे वाक्यं जोडणाऱ्या शब्दांची, यादी पाठ करायला लावली. मी मन लावून पाठ केली, परीक्षेत वापरली आणि ६ आले.

मग हॉस्पिटलमधल्याच एका सिस्टरने या बाईंचं सांगितलं. बाई हायस्कुलातून रिटायर झाल्यात, मारुती मंदिरच्या मागच्या बाजूला आत गल्लीत घर आहे, बाहेर बोर्ड वगैरे काही नाही, पडवीत दोन बाकं, एक फळा आणि भिंतीला टेकून जुन्या वह्यांचे गठ्ठे. मंगळवार गुरुवार शनिवार, संध्याकाळी ५ ते ६.३०. एका बॅचला सहाच जण. आमच्यात मी, बारावीची दोन मुलं, मर्चंट नेव्हीत जायचंय असा एक मुलगा, गणपतीपुळ्याजवळ होमस्टे चालवणाऱ्या एक ताई ज्यांना परदेशी गेस्टच्या ईमेलला नीट उत्तर लिहायचं होतं, आणि एक बीएचा मुलगा. एवढ्या वेगवेगळ्या लोकांना एकत्र कसं शिकवणार असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं, पण खरं सांगायचं तर तोच फायदा झाला, ते पुढे सांगते.

पहिल्या दिवशी बाईंनी माझा जुना निबंध मागितला. विषय होता टुरिझम, चांगलं की वाईट असला नेहमीचा. मी लिहिलेल्या एका पॅराग्राफमध्ये काय होतं बघा. टुरिझममुळे रोजगार मिळतो, पण बीचवर कचरा होतो, आणि सरकारने लक्ष दिलं पाहिजे, तसंच तरुण मुलं तरीपण मुंबईलाच जातात. ग्रामर ठीक होतं, स्पेलिंगची एकही चूक नव्हती, मोरओव्हर फरदरमोअर सगळं जागच्या जागी. बाईंनी वाचलं, लाल पेन उचललंच नाही, पेन्सिल घेतली आणि समासात मराठीत लिहिलं, "मला काय कळलं? चार गोष्टी कळल्या, एकही पुरती नाही."

ही त्यांची पद्धत. प्रत्येक पॅराग्राफच्या बाजूला त्या पेन्सिलीने मराठीत एका ओळीत लिहितात की मला यातून काय कळलं. बस. आणि मग तुम्ही बघायचं की तुम्हाला जे सांगायचं होतं तेच त्यांना कळलंय का. नसेल तर चूक कुठे झाली ते त्या सांगत नाहीत, तुम्हीच शोधायची, आणि परत लिहून आणायचं. सुरुवातीला मला फार राग यायचा, फी भरलीय तर सांगा ना सरळ असं वाटायचं. पण तीन आठवड्यांनी माझं मलाच लिहिताना समासात ती ओळ दिसायला लागली. आणि जिथे मला स्वतःलाच ती ओळ मराठीत लिहिता यायची नाही तिथे समजायचं की आपल्याकडे सांगायला काही नाहीये, नुसती वाक्यं आहेत.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट मी आयुष्यभर विसरणार नाही. बाईंनी विचारलं, "तू नर्स ना गो, मग ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला काय सांगतेस ते सांग बघू." मी म्हटलं, बेड नंबर चार, ६२ वर्षांचे आजोबा, श्वास लागतोय, ऑक्सिजन सकाळपासून खाली येतोय. मग मागची हिस्ट्री, दम्याचा त्रास जुना, परवा अ‍ॅडमिट झाले. मग मला काय वाटतं, आणि मग काय करायला हवं, दर तासाला सॅच्युरेशन बघा आणि अमुकच्या खाली गेलं तर डॉक्टरांना लगेच फोन. आम्हाला हे शिकवलेलंच असतं, एसबार म्हणतात, सिच्युएशन बॅकग्राउंड असेसमेंट रेकमेंडेशन. बाई म्हणाल्या, "मग हे इतकं नीट सांगतेस, एका पेशंटचं सांगताना मधेच दुसऱ्या बेडचं नाही ना सांगत? तसंच लिही. एक पॅराग्राफ म्हणजे एक पेशंट." मी वर्षानुवर्षं रोज दोनदा जे करत होते तेच पॅराग्राफ होतं, आणि मला ते कुणी दाखवलंच नव्हतं. पहिलं वाक्य टॉपिक सेंटेन्स म्हणजे पेशंटची आत्ताची अवस्था. ती ऐकल्याशिवाय पुढची सिस्टर हिस्ट्री ऐकून करणार काय?

त्या दिवशी घरी जाऊन मी टुरिझमचा पॅराग्राफ परत लिहिला. चार गोष्टींतली एकच ठेवली, की टुरिझमचं काम मिळतं पण ते मोसमी असतं. मग उदाहरण दिलं, आमच्याकडे किनाऱ्यावर गर्दी दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात, पावसाळ्यात समुद्र बंद, खोल्या बंद, किचनमध्ये कामाला असलेली बाई घरी. आणि मग त्याच्यापुढे, हे महत्त्वाचं आहे कारण मोसमी पगारावर कुणाला कर्ज मिळत नाही की मुलाची फी वर्षभर भरता येत नाही, म्हणून तरुण मुलं मुंबईची कायमची नोकरी बघतात. गंमत म्हणजे आधी सुटं लोंबकळत असलेलं मुंबईचं वाक्य आता आपोआप आपल्या जागेवर येऊन बसलं. बाईंनी समासात लिहिलं, "काम आहे, पण बारा महिने नाही, म्हणून मुलं जातात." मला तेच सांगायचं होतं!!

बाईंचं म्हणणं असं की आपल्याला शाळेत मराठी निबंध जसा शिकवलेला असतो तो हात तसाच इंग्लिशमध्ये जातो. सुरुवातीला सुविचार नाहीतर कवितेच्या दोन ओळी, मग मनुष्य हा समाजशील प्राणी आहे, मग हळूहळू गोल फिरत मुद्द्यावर, आणि खरं मत उपसंहारात. मराठी वाचणाऱ्याला त्यात वाईट काही वाटत नाही, त्याला शेवटपर्यंत थांबायची सवय असते, आपलं क्रियापदसुद्धा शेवटीच येतं ना. पण इंग्लिश परीक्षकाला मत पहिल्या पॅराग्राफात हवं असतं आणि पुढचा प्रत्येक पॅराग्राफ त्या मताला धरून. यावरून त्यांनी रॉबर्ट कॅप्लान नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाचं सांगितलं, त्यांनी १९६६ साली एका लेखात वेगवेगळ्या भाषांच्या लोकांची लिहायची पद्धत रेघा काढून दाखवली होती, इंग्लिशची सरळ रेघ, बाकीच्यांच्या वळणाच्या नाहीतर गोल. त्यावर नंतर पुष्कळ टीका झाली, आणि बाईंनी ती पण सांगितली, की असं अख्ख्या भाषेला एका रेघेत बसवता येत नाही, आणि वळण घेणं म्हणजे कमी अक्कल असं तर मुळीच नाही. त्या म्हणाल्या, आपण आपली रेघ टाकायची नाही, दुसऱ्या गावाला जाताना तिथला रस्ता माहीत करून घ्यायचा. हे ऐकून मला बरं वाटलं. कारण बाकी क्लासमध्ये मराठी म्हटलं की आधी खजील करतात, इथे मराठीतच विचार कर, मराठीतच ठरव आणि मग इंग्लिशमध्ये लिही असं सांगतात.

याच्यावरूनच त्यांचा तो दोन रकान्यांचा प्रकार. वहीचं पान मधोमध रेघ मारून दोन भाग करायचे, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्लिश. बाई म्हणाल्या की ही आयडिया माझी नाही, आपल्या कोकणातल्या माणसाची आहे. बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, त्यांनी ६ जानेवारी १८३२ ला दर्पण सुरू केलं ते असंच, एका पानावर एका रकान्यात मराठी आणि बाजूला इंग्लिश. आम्हाला शाळेत पत्रकार दिनाला हे नाव सांगायचे तेवढंच माहीत, पण ते पान नजरेसमोर आणून बघितलं की कळतं की दोन भाषांत तीच गोष्ट मांडायची म्हणजे किती विचार करायला लागत असेल. आमच्या वहीत डावीकडे वाक्यं नाही लिहायची, फक्त मुद्दे, एका ओळीत एक. आणि उजवीकडे इंग्लिश लिहिताना भाषांतर नाही करायचं. मी पहिल्यांदा तेच केलं होतं आणि वाक्य पाच ओळींचं झालं, कारण मराठीत आपण जाऊन, बघून, विचारून, घेऊन आलो असं एका दमात म्हणू शकतो आणि ते कानाला बरोबर लागतं, तेच इंग्लिशमध्ये अँड अँड अँड होतं. बाईंनी ते वाक्य फळ्यावर लिहून दाखवलं आणि जाऊन, बघून मधल्या प्रत्येक "ऊन"वर खडूने रेघ मारली, म्हणाल्या इथे इथे इथे पूर्णविराम होऊ शकतो, बघ तुला कुठे थांबायचंय.

आर्टिकल्सचं पण तसंच, अ आणि द कुठे लावायचं यावर मी पुस्तकातले नियम किती वेळा वाचले असतील. बाईंनी एवढंच विचारलं की गोष्ट सांगताना आपण "एक राजा होता" म्हणतो आणि मग पुढे "तो राजा" म्हणतो, का म्हणतो? पहिल्यांदा ओळख करून देतो तेव्हा एक, ओळख झाल्यावर तो. सगळ्या जागी हे चालत नाही हे त्यांनीच सांगितलं, नद्यांची नावं वगैरे पाठच करायला लागतात, पण निम्म्याहून जास्त चुका माझ्या तिथेच सुटल्या.

आता लिंकिंग वर्ड्स, कारण मला वाटतं माझे मार्क मुख्य इथेच जात होते. आयईएलटीएसच्या रायटिंगला चार गोष्टींचे सारखे मार्क असतात, टास्क रिस्पॉन्स म्हणजे विचारलेल्याला नीट उत्तर, कोहिअरन्स अँड कोहिजन म्हणजे मांडणी आणि जोडणी, शब्दसंपत्ती आणि ग्रामर. म्हणजे मांडणीला पावभाग मार्क!! आणि ते बँड कसे देतात ते त्यांनी छापलेलं आहे, कुणालाही वाचता येतं, मी पहिल्या वेळेला वाचलंच नव्हतं. बाईंनी ते कागद काढून आमच्याकडून मराठीत समजून घेतले. त्यात ६ बँडला साधारण असं म्हटलंय की जोडणारे शब्द वापरलेत पण वाक्यांची जोडणी मधेमधे चुकते किंवा यांत्रिक वाटते, पॅराग्राफ पाडलेत पण नेहमी विचार करून नाही. आणि ७ ला पॅराग्राफ बहुतेक नीट पाडलेले, आतल्या मुद्द्यांचा क्रमही बहुतेक बरोबर. यांत्रिक हा शब्द वाचला आणि ती चाळीस शब्दांची यादी माझ्या डोळ्यासमोर आली.

मग जोडायचं कशाने? बाईंचं उत्तर, मागच्या वाक्याचं शेपूट पुढच्या वाक्याने हातात धरायचं. बंदरावर मासळीचा लिलाव होतो. हा लिलाव पहाटे सुरू होतो. पहाटेची वेळ ठेवायचं कारण म्हणजे बर्फ. असं. प्रत्येक वाक्य ओळखीच्या गोष्टीवरून सुरू होऊन नवीन गोष्टीवर संपतं आणि मधे एकही मोरओव्हर लागत नाही. आणि मागचं सगळं एका शब्दात गोळा करायचं असेल तर धिस चेंज, धिस प्रॉब्लेम, धिस डिले असं लिहायचं, नुसतं धिस नाही, कारण नुसत्या धिसने वाचणाऱ्याला कळत नाही की नेमकं काय. हे एवढं साधं आहे पण मी दोन आठवडे फक्त याचाच सराव केला. त्या दोन आठवड्यांत बाईंनी मला हाऊएव्हर सोडून एकही लिंकिंग वर्ड वापरू दिला नाही.

कात्रीचा खेळ पण इथेच सांगते. आपला पॅराग्राफ वाक्यावाक्याच्या पट्ट्या कापून शेजारच्याला द्यायचा आणि त्याने परत लावायचा. मर्चंट नेव्हीवाल्या मुलाने माझा एक पॅराग्राफ तीन वेगवेगळ्या क्रमाने लावला आणि तिन्ही बरोबर वाटत होते. म्हणजे माझ्या वाक्यांना क्रमच नव्हता, ती नुसती एकाखाली एक होती. होमस्टेवाल्या ताईंचा ईमेल मात्र एका मिनिटात लागला. त्यांना निबंध वगैरे काही माहीत नाही पण गेस्टला काय सांगायचं, आधी खोली आहे की नाही, मग पैसे, मग यायचं कसं, हे डोक्यात पक्कं. वेगवेगळे लोक असण्याचा फायदा म्हटला तो हा.

टास्क १, म्हणजे ग्राफ बघून १५० शब्द लिहायचे ते, याला बाईंनी हापूसच्या पेटीच्या भावाचा ग्राफ स्वतः काढून दिला, फेब्रुवारीत वर, मेमध्ये खाली. मी सगळे आकडे एकामागून एक लिहून काढले. बाई म्हणाल्या, बाजारातून आलेल्या माणसाला तुझ्या आईने विचारलं काय म्हणतोय आंबा, तर तो काय सगळ्या महिन्यांचे दर वाचून दाखवेल? म्हणेल भाव उतरला, मे मध्ये तर बराच. तो तुझा ओव्हरव्ह्यू, तो आधी लिही, मग लागतील तेवढेच आकडे. ओव्हरव्ह्यू नसला तर ५ च्या पुढे जाणं अवघड, हेही त्या छापील कागदात आहे. आणि वेळेचं गणित, ६० मिनिटांत टास्क १ ला २० आणि टास्क २ ला, म्हणजे निबंधाला, ४०, कारण टास्क २ ला दुप्पट वजन आहे. मी पहिल्या वेळेला ग्राफवर अर्धा तास घालवला होता. आता ४० मधली पहिली ७-८ मिनिटं मी काही लिहीतच नाही, नुसता डावा रकाना.

बारावीच्या मुलांचं जे चालायचं ते मी फार लक्ष देऊन ऐकलं नाही, त्यांना बोर्डाच्या पेपरातलं रायटिंग स्किल्स करून घ्यायच्या, पण पेन्सिलीची ओळ त्यांनाही तीच.

आता जे आवडलं नाही ते पण लिहिते, नाहीतर रिव्ह्यू कशाला म्हणायचं. एक, सगळं हाताने वहीत. मी परीक्षा कॉम्प्युटरवर देणार होते आणि टायपिंगचा सराव तिथे अजिबात होत नाही, तो मला घरी नवऱ्याच्या लॅपटॉपवर वेगळा करायला लागला आणि टाइप करताना दोन रकाने डोक्यातच ठेवायला शिकायला लागलं. दुसरं, बाई ग्रामर शेवटपर्यंत मागे ठेवतात. पहिल्या फेरीत फक्त मांडणी तपासतात, ती बसली की दुसऱ्या फेरीत ग्रामर. मला चाललं कारण माझं ग्रामर बरं होतं, पण बीएच्या मुलाला टेन्स येत नव्हते आणि तो महिनाभर तसाच चुकीचा लिहीत राहिला, त्याला जरा आधी हात द्यायला हवा होता असं मला वाटतं आणि मी ते बाईंना सांगितलंय. तिसरं, शब्द वाढवण्यावर काहीच नाही, ते तुमचं तुम्ही वाचन करून करा असं म्हणतात. मला डेडलाइन होती, मला थोडी मदत चालली असती. आणि चौथं, वेळ. मी पावस गावाकडून यायचे, ६.३० म्हणता म्हणता ७ होतात कारण बाई वही पूर्ण केल्याशिवाय सोडत नाहीत, मग एसटी गेलेली असते आणि भाट्याच्या पुलावर पावसात स्कूटीवरून जायचं म्हणजे घरचे फोनवर फोन. लांबून येणाऱ्या बायकांनी आधीच वेळ बोलून घ्या.

फी मी दोन महिन्यांचे ४,००० भरले, एकदम नाही दोनदा, रोख, पावती वहीच्या मागच्या पानावर लिहून देतात. त्यात आठवड्याला तीन निबंध दोन दोन वेळा तपासून मिळतात. माझ्या ऑनलाइन कोर्सला याच्या तिपटीहून जास्त गेले होते आणि तिथे तपासणारा माणूस कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही, गुड एफर्ट आणि यूज मोर लिंकर्स एवढंच यायचं.

दुसऱ्यांदा परीक्षा दिली तेव्हा विषय आला होता म्हाताऱ्या माणसांना घरी सांभाळावं की संस्थेत, त्यातलाच एक प्रकार. मला यावर सांगायला इतकं होतं की आधीची मी असते तर सगळं ओतलं असतं. मी दोनच गोष्टी घेतल्या. पहिल्या पॅराग्राफात मत, दुसऱ्यात रात्रीची काळजी, म्हणजे रात्री दोन वाजता बाथरूमला नेणारं माणूस घरात असतं का, तिसऱ्यात घरच्या बाईची नोकरी सुटते ते, आणि शेवटी दोन ओळी. २८० च्या आसपास शब्द झाले. लिहिताना मनात पेन्सिलीची ओळ म्हणत होते, मला काय कळलं, मला काय कळलं. रायटिंग ६.५ आलं. बाकीचे पण ७ च्या वर राहिले.

निकाल सांगायला गेले तर बाईंनी पेढा घेतला आणि आधी विचारलं की विषय काय होता आणि दुसऱ्या पॅराग्राफचं पहिलं वाक्य काय लिहिलंस. मी सांगितलं. म्हणाल्या, "हां, मग मिळायलाच हवे होते."

कुणाला उपयोगी पडेल तर, ज्याला इंग्लिश वाक्य बनवता येतं पण पान भरलं की विस्कटतं, त्याने डोळे झाकून जावं. ज्याला वाक्यच बनवता येत नाही त्याने आधी ग्रामरचं काहीतरी करून मग जावं. आठ दिवसांत बँड वाढवून हवा असेल तर नको, इथे परत परत लिहायला लावतात. नवीन बॅच गणपतीनंतर बसते, सहाच जण घेतात, त्यामुळे आधी प्रत्यक्ष जाऊन भेटून या आणि जाताना स्वतःचा लिहिलेला एक तरी निबंध घेऊन जा, त्याच्याशिवाय बाई बोलायला सुरुवातच करत नाहीत. दुपारी १ ते ४ जाऊ नका, तेव्हा त्या पडलेल्या असतात. गल्लीत गाडी लावायला जागा नाही, मेन रोडलाच लावून चालत आत जा.